घाम वाळला पाहिजे : दमट उन्हाळ्यात घर आणि शरीर गार ठेवण्याची रीत

कोरड्या आणि दमट उन्हाळ्यात तापमापकावरचा आकडा एकच असला, तरी अंगाला होणारा त्रास वेगळा असतो आणि त्यावरचे उपायही वेगळे असतात. कोरड्या हवेत ओले पडदे, पाण्याचा कूलर, पाणी शिंपडलेली जमीन यांनी चटकन गारवा येतो. तेच उपाय दमट हवेत केले, तर खोली कोंदट होते आणि जीव अधिकच कासावीस होतो. उन्हाळ्यासाठी सरसकट दिल्या जाणाऱ्या सल्ल्यांत हा फरक सहसा लक्षात घेतलेला नसतो आणि त्यामुळे पुष्कळ माणसे मनापासून मेहनत घेऊनही उकाड्यात होरपळतात. म्हणून या लेखात केवळ दमट उकाड्याचा विचार केला आहे आणि प्रत्येक उपाय एकाच कसोटीवर घासून पाहिला आहे : त्याने अंगावरचा घाम वाळायला मदत होते की नाही?

घाम येतो, पण वाळत का नाही

शरीराच्या आतले तापमान सुमारे ३७ अंश सेल्सिअस असते आणि त्वचेचे त्याहून थोडे कमी, म्हणजे उन्हाळ्यात साधारण ३३ ते ३५ अंश. स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाचे शरीरसुद्धा सतत सुमारे १०० वॅट उष्णता निर्माण करत असते आणि ती तितक्याच वेगाने बाहेर टाकावी लागते. हवा त्वचेपेक्षा थंड असते तोवर काही उष्णता आपोआप हवेत जाते. हवा ३५ अंशांच्या पुढे गेली की हा मार्ग बंद होतो, इतकेच नव्हे तर हवाच शरीराला तापवू लागते. मग उरतो तो घाम. एक लिटर घाम त्वचेवरून वाळताना सुमारे २४ लाख ज्यूल उष्णता घेऊन जातो. हिशेब केला, तर स्वस्थ बसलेल्या माणसाची तासाभराची उष्णता काढून टाकायला जेमतेम १५० मिलिलिटर घाम पुरतो. अट एकच, तो त्वचेवर वाळला पाहिजे. हनुवटीवरून टपकलेला किंवा रुमालाने टिपून घेतलेला घाम शरीरातले पाणी आणि मीठ घेऊन जातो, उष्णता मात्र जागच्या जागी राहते.

हवेत आधीच भरपूर बाष्प असेल, तर घामाला वाळायला वाव उरत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेच्या उष्णता निर्देशांकानुसार ३२ अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता यांचा एकत्रित त्रास ४५ अंशांच्या बरोबरीचा असतो, आणि हा आकडाही सावलीतला आहे. आकडा ३२च आहे म्हणून निर्धास्त राहणे दमट दिवसांत धोक्याचे ठरते ते यामुळे.

पहिली पायरी : आपल्या खोलीतली हवा मोजणे

उपाय निवडण्याआधी खोलीतल्या हवेची स्थिती माहीत हवी. तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारे छोटे यंत्र मिळाले तर उत्तमच. नाहीतर खोलीचे तापमान मोजणारे दोन साधे तापमापक पुरेसे असतात. ते शेजारीशेजारी टांगावेत, एकाच्या टोकाला पातळ सुती कापडाची पट्टी गुंडाळावी, पट्टीचे दुसरे टोक पाण्याच्या वाटीत सोडावे आणि पंख्याचा वारा दोन्हींवर येऊ द्यावा. दहा-पंधरा मिनिटांत ओल्या टोकाचा तापमापक खाली उतरून एका आकड्यावर स्थिरावतो. त्याला ओल्या बल्बचे तापमान म्हणतात. वाळणारे पाणी त्या हवेत किती गार होऊ शकते, हे हा आकडा सांगतो, आणि आपली घामेजलेली त्वचा म्हणजे तरी दुसरे काय?

माझ्या खोलीत दुपारी कोरड्या तापमापकावर ३३ आणि ओल्यावर २८ असा आकडा होता. म्हणजे आर्द्रता सुमारे ६८ टक्के. दारे लावून एसी तासभर चालवल्यावर हेच आकडे २७ आणि २१ वर आले. पहिल्या जोडीत पाच अंशांचे अंतर आहे आणि दुसऱ्या जोडीत सहा अंशांचे, तेव्हा फरक किरकोळ वाटेल. पण महत्त्वाचा आहे तो ओल्या तापमापकाचा स्वतःचा आकडा, आणि तो सात अंशांनी उतरला होता. हा आकडा २५ च्या आत असेल, तर पंखा आणि पाणी यांवर सहज भागते. तो २८ च्या पुढे गेला की श्रमाची कामे पुढे ढकलावीत आणि घरातल्या वृद्धांकडे लक्ष ठेवावे. ओल्या बल्बचे ३५ अंश ही मानवी शरीराची टोकाची मर्यादा मानली जात होती. परंतु अमेरिकेतील पेन स्टेट विद्यापीठाच्या २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत तरुण आणि निरोगी व्यक्तींचे शरीरही दमट हवेत हलक्या हालचाली करताना ३१ अंशांच्या आसपासच तापमान सांभाळण्यात कमी पडू लागले होते. वयस्कर माणसांना त्याहून कमी आकडाही झेपत नाही.

दुसरी पायरी : ऊन घराबाहेरच अडवणे

आत शिरलेली उष्णता बाहेर काढण्यापेक्षा ती शिरूच न देणे कितीतरी सोपे असते. भर दुपारच्या स्वच्छ उन्हात एका चौरस मीटरवर १,००० वॅटच्या आसपास ऊर्जा पडते. थेट ऊन येणारी एक मोठी खिडकी म्हणजे खोलीत चालू ठेवलेली शेगडीच समजावी. आतल्या बाजूचा जाड पडदा ऊन अडवतो खरा, पण तोपर्यंत ते काच ओलांडून आलेले असते, पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच सुटते. तोच पडदा, चटई किंवा जाळी काचेच्या बाहेर, खिडकीपासून वीतभर अंतर ठेवून टांगली, तर तापलेली हवा बाहेरच्या बाहेर निघून जाते. बाहेर काही टांगणे शक्यच नसेल, तर आत निदान फिक्या किंवा चकचकीत पाठीचा पडदा लावावा, म्हणजे काही ऊन काचेतून परत जाते. सर्वांत आधी पश्चिमेच्या खिडक्यांची सोय करावी, कारण तिकडचे ऊन घर आधीच तापलेले असताना तिरपे होऊन थेट आत येते. पूर्वेच्या खिडक्या सकाळी उठल्याबरोबर झाकाव्यात.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना छताचा त्रास खिडक्यांपेक्षा जास्त असतो. काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन शोषतो आणि ती उष्णता काही तासांनी, म्हणजे नेमकी संध्याकाळी व रात्री, खाली सोडू लागतो. दिवेलागणीनंतर छताच्या आतल्या बाजूला हात लावून पाहिला, तर रात्री झोप का लागत नाही याचे उत्तर मिळते. गच्चीला उष्णता परावर्तित करणारा पांढरा रंग देणे हा यावरचा सर्वांत परिणामकारक आणि तुलनेने स्वस्त उपाय आहे. ताजा पांढरा रंग पडलेल्या उन्हाचा बराच मोठा भाग परत पाठवतो, गडद पृष्ठभाग मात्र बहुतेक सगळे ऊन पिऊन टाकतो. धूळ बसून रंग मळला की परिणाम घटतो, म्हणून तो दर उन्हाळ्याआधी धुवावा.

तिसरी पायरी : खिडक्या कधी उघडायच्या, कधी लावायच्या

या बाबतीत सर्वांत जास्त गोंधळ होतो, आणि त्याचे मूळ आर्द्रतेच्या टक्केवारीत आहे. पहाटे आर्द्रता ९० टक्के दिसते आणि दुपारी ६० टक्के, म्हणून पहाटेची हवा जास्त ओली असते असे वाटते. प्रत्यक्षात २६ अंशांच्या आणि ९० टक्के आर्द्रतेच्या एक घनमीटर हवेत सुमारे २२ ग्रॅम बाष्प असते, तर ३४ अंशांच्या आणि ६० टक्के आर्द्रतेच्या हवेत सुमारे २२.५ ग्रॅम. ओलावा जवळजवळ तेवढाच, पण हवा आठ अंशांनी थंड. म्हणून टक्केवारीला न घाबरता बाहेरचे तापमान आतल्यापेक्षा खाली गेले की खिडक्या उघडाव्यात आणि सकाळी ते वर चढू लागले की लावाव्यात. ज्या घरात दुपारी बंद खिडक्यांमुळे आतली हवा बाहेरच्यापेक्षा गरम होते, तिथे मात्र सावलीकडच्या खिडक्या दुपारीही उघड्या ठेवणेच योग्य.

एकच खिडकी उघडून फारसा उपयोग होत नाही. हवेला आत येण्याची वाट हवी तशी बाहेर जाण्याचीही हवी. समोरासमोरच्या दोन खिडक्या, किंवा खिडकी आणि तिच्या समोरचे दार, एकाच वेळी उघडे असावे आणि मधली खोल्यांची दारे वाऱ्याने आपटून बंद होणार नाहीत अशी अडकवून ठेवावीत. हवा कुठून कुठे वाहते हे पाहण्यासाठी पातळ कागदाची एक लांब पट्टी उघड्या खिडकीच्या चौकटीशी धरावी. पट्टी आत झुकली तर हवा तिथून येते, बाहेर झुकली तर तिथून जाते, आणि सरळ लोंबत राहिली तर वाट कुठेतरी अडली आहे. वारा पडलेला असेल तेव्हा ज्या खिडकीतून हवा बाहेर जाते, तिच्याकडे तोंड करून टेबल पंखा ठेवावा, म्हणजे तो आतली तापलेली हवा बाहेर ढकलतो आणि समोरच्या खिडकीतून थंड हवा आपोआप ओढली जाते. रात्री झोपण्याआधी तासभर असे केले, तर भिंती आणि फर्निचर यांतली साठलेली उष्णता बऱ्यापैकी उतरते.

चौथी पायरी : घरातल्या घरात तयार होणारी वाफ कमी करणे

दमट दिवसांत बाहेरच्या ओलाव्यावर आपला ताबा नसतो, घरातल्या ओलाव्यावर मात्र असतो. स्वयंपाकाच्या गॅसचे उदाहरण घ्यावे. एक किलो एलपीजी जळला की साधारण दीड किलो पाणी वाफेच्या रूपाने हवेत जाते. भांड्यातून निघणारी वाफ वेगळीच. म्हणून उकळण्याची, शिजवण्याची कामे सकाळी लवकर किंवा रात्री उशिरा उरकावीत, भांड्यावर झाकण ठेवावे, शक्य तिथे प्रेशर कुकर वापरावा, आणि एक्झॉस्ट पंखा शेगडी पेटवण्याआधीच लावून स्वयंपाक संपल्यावरही दहा मिनिटे चालू ठेवावा. त्या वेळी स्वयंपाकघराचे आतले दार लोटून घ्यावे, नाहीतर वाफ बैठकीत पोहोचते.

धुतलेले कपडे खोलीत वाळत घातले, तर त्यांतले लिटर-दोन लिटर पाणी आपल्याच हवेत मिसळते. ते गॅलरीत किंवा गच्चीवरच जावेत. गरम पाण्याच्या आंघोळीनंतर न्हाणीघराचे दार लावून तिथला पंखा चालवावा. फरशी ओल्या फडक्याने पुसल्यावर पायांना क्षणभर बरे वाटते, पण तेवढे पाणी हवेत जाते. पुसायचीच असेल तर खिडक्या उघड्या असताना सकाळी पुसावी. फ्रिजचे दार उघडून त्यासमोर उभे राहिल्याने खोली गार होत नाही, उलट मागच्या नळ्यांतून तेवढीच आणि वर मोटारीची उष्णता बाहेर पडते.

पाण्याच्या कूलरबद्दल वेगळे सांगायला हवे. पूर्वी एकदा दमट दिवसांत मी बंद खोलीत कूलर भरून चालवला होता. पहिली दहा-पंधरा मिनिटे झोत गार लागला. तासाभरात उशीचा अभ्रा हाताला ओलसर लागू लागला, आणि चार-सहा दिवसांत कपाटाचे लाकडी दार फुगून चौकटीत अडकू लागले. अंगावरचा घाम तर तसूभरही वाळत नव्हता. कूलर पाण्याची वाफ करूनच हवा गार करतो, त्यामुळे ओल्या आणि कोरड्या तापमापकांत अंतर कमी असेल त्या दिवशी त्याला फारसे काही करता येत नाही. अशा दिवशी कूलर पाण्याविना नुसता पंखा म्हणून वापरावा. दारात टांगलेल्या ओल्या चादरींनाही हाच न्याय लागू आहे.

पाचवी पायरी : पंख्याचा पुरेपूर उपयोग

पंखा हवा गार करत नाही. त्याची मोटार खोलीत थोडी उष्णताच सोडते. तो त्वचेलगत साचलेला ओलसर हवेचा थर हटवतो आणि त्यामुळे घाम वाळतो. यातून दोन गोष्टी निघतात. रिकाम्या खोलीत पंखा चालू ठेवण्यात काही अर्थ नाही, आणि माणूस असलेल्या खोलीत वारा थेट अंगावर आला पाहिजे. छताचा पंखा पलंगाच्या बरोबर वर नसेल, तर पलंग सरकवावा. टेबल पंखा अंगापासून हातभर-दोन हात अंतरावर, छातीच्या उंचीला ठेवला, तर खोलीच्या कोपऱ्यातल्या मोठ्या पंख्यापेक्षा जास्त उपयोगी पडतो. पात्यांवर धुळीचा थर साचला की वारा घटतो. महिन्यातून एकदा ती पुसावीत.

हवा शरीरापेक्षा बरीच गरम झाली, तर पंखा अंगावर गरम हवाच फेकतो. जागतिक आरोग्य संघटना ४० अंशांच्या खालीच पंखा वापरण्याचा सल्ला देते. घाम कमी येणाऱ्या वृद्धांच्या बाबतीत ही रेषा आणखी दोन-तीन अंश खाली धरावी. दमट हवेत तापमान सहसा इतके चढत नाही, त्यामुळे इथे पंखा हे भरवशाचे साधन आहे. फक्त त्याच्या जोडीला अंग ओले करण्याची सवय हवी.

सहावी पायरी : पाणी थेट अंगावर

दमट उकाड्यात मला सर्वांत जास्त विश्वास वाटतो तो या पायरीवर, कारण हिला वीज लागत नाही आणि हवेतल्या ओलाव्याची अडचणही येत नाही. पाणी हवेपेक्षा वीसपटींहून अधिक चांगल्या रीतीने उष्णता वाहून नेते. त्वचा ३५ अंशांची आणि पाणी २५ अंशांचे असेल, तर ते वाळण्याची वाट न पाहताच उष्णता पाण्यात उतरू लागते. तळहात आणि तळपाय यांत उष्णता बाहेर टाकण्यासाठीच असलेल्या खास रक्तवाहिन्या असतात आणि उकाड्यात त्या पूर्ण उघडतात. म्हणून कोपरापर्यंत हात किंवा घोट्यांच्या वरपर्यंत पाय पाण्यात बुडवून बसण्याने सगळ्या अंगातून वाहणारे रक्त निवते. आगीशी झुंजणाऱ्या अग्निशमन दलाच्या जवानांना विश्रांतीच्या वेळी हात पाण्यात बुडवून बसवतात, ते याचसाठी.

वीज गेलेल्या एका रात्री माझ्या वृद्ध आईला उकाड्याने इतके अस्वस्थ वाटू लागले, की तिला धड बसवेना. तिचे पाय पिंडऱ्यांपर्यंत बुडतील अशी नळाच्या पाण्याची बादली खुर्चीसमोर ठेवली, मानेवर आणि दंडांवर ओला टॉवेल दिला आणि पुठ्ठ्याने वारा घातला. काही वेळाने बादलीतले पाणी हाताला पहिल्याइतके गार लागेना, म्हणजे काही उष्णता तिच्या अंगातून निघाली होती. ते ओतून दुसरे घेतले. तिसऱ्या बादलीच्या वेळी ती स्वतःहून बोलू लागली आणि थोड्या वेळाने तिला झोप लागली.

रीत अशी : पाणी नळाचे, साधे असावे; बर्फाच्या पाण्याची गरज नाही, कारण अतिथंड पाण्याने त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि सुरुवातीला उष्णता आतच अडकते. दहा ते वीस मिनिटे बसावे आणि पाणी कोमट झाले की बदलावे. मानेवरचे ओले फडके तसेच राहू दिले, तर ते अंगाइतके गरम होऊन पोटिसासारखे काम करते. दर चार-पाच मिनिटांनी ते पुन्हा पाण्यात बुडवून, पिळून ठेवावे. आंघोळीनंतर अंग खरखरून न पुसता ओलसर अंगानेच पंख्याखाली उभे राहावे. ज्यांच्या पायांना मधुमेहामुळे संवेदना कमी आहे, त्यांच्यासाठी पाणी दुसऱ्याने हात घालून तपासावे.

सातवी पायरी : एसी असेल तर

वातानुकूलन यंत्राचा जन्म माणसांना गारवा देण्यासाठी झाला नव्हता. १९०२ मध्ये विलिस कॅरियर यांनी न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिन येथील एका छापखान्यासाठी ते तयार केले. दमट हवेने कागद फुगून रंग जागेवर बसत नसत, म्हणून हवेतला ओलावा काढणारे यंत्र हवे होते. आजही दमट हवेत एसीचे निम्मे मोल या ओलावा काढण्यात आहे, आणि बाहेरच्या नळीतून टपकणारे पाणी ही त्याची खूण आहे. गरजेपेक्षा मोठा एसी घेतला, तर तो खोली झटकन थंड करून बंद पडतो, ओलावा काढायला त्याला वेळच मिळत नाही आणि खोली थंड पण चिकट राहते. पाऊस-पाण्याच्या आधीच्या दिवसांत, तापमान फार नसताना केवळ घुसमट होते, तेव्हा एसीचा ड्राय मोड, म्हणजे मुख्यतः ओलावा काढण्याची सोय, पुरतो.

तापमान २७ अंशांवर ठेवून सोबत पंखा लावावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणे त्यामुळे खोली सुमारे चार अंशांनी अधिक थंड वाटते आणि विजेची मोठी बचत होते. एसीचा स्वतःचा पंखा मात्र 'ऑटो'वर असावा. तो सतत फिरता ठेवला, तर कॉम्प्रेसर थांबल्यावर आतल्या ओल्या नळ्यांवरचे पाणी पुन्हा वाफ होऊन खोलीत येते. जाळी दर पंधरा दिवसांनी धुवावी, आणि एसी चालू असताना खिडकी किलकिलीही ठेवू नये. सगळे घर थंड करण्यापेक्षा एक खोली ठरवून सर्वांनी दुपारी तिथे बसावे. निव्वळ ओलावा काढणारा डीह्युमिडिफायर हवा कोरडी करतो, पण खोली तापवतो, म्हणून ऐन उकाड्यात त्यावर भिस्त ठेवू नये.

कपडे आणि अंथरूण

कपडे सैल, विरळ विणीचे आणि फिक्या रंगाचे असावेत, हे सर्वांना ठाऊक आहे. सुती कापड घाम शोषते, पण पूर्ण भिजले की लवकर वाळत नाही आणि अंगाला चिकटून हवा अडवते. म्हणून दिवसातून दोन-तीनदा कपडे बदलणे हा सुती कापडाइतकाच महत्त्वाचा भाग आहे. काखा, जांघा आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवाव्यात, नाहीतर बुरशीचा संसर्ग होतो. घामोळे म्हणजे घामाच्या नलिकांची तोंडे बंद होणे. त्यावर जाड मलम किंवा पावडरीचा थर थापल्याने ती आणखी बुजतात. गार पाण्याने धुऊन वारा लागू देणे पुरेसे असते.

झोपताना जाड फोमची गादी पाठीची उष्णता धरून ठेवते. पातळ अंथरूण जमिनीवर घालावे किंवा खालून हवा खेळेल अशी विणलेली खाट वापरावी. मच्छरदाणीमुळे वारा बराच अडतो, तेव्हा टेबल पंखा अगदी तिच्या जवळ ठेवावा. निजण्याआधी पाय धुऊन ओलसरच ठेवल्याने झोप लवकर लागते.

पिणे, खारवणे आणि कामाची वेळ

तहान लागण्याची वाट न पाहता थोडेथोडे पाणी पीत राहावे. उन्हात श्रमाचे काम करणाऱ्याने दर १५ ते २० मिनिटांनी एक पेला पाणी प्यावे, पण तासाला दीड लिटरच्या पुढे जाऊ नये. फार पाणी प्यायल्याने रक्तातले मीठ धोकादायक रीतीने विरळ होते. लघवी फिकट पिवळी असेल तर पाणी पुरेसे आहे, गडद असेल तर कमी पडते आहे. काही तास सतत घाम येत असेल आणि नीट जेवण झालेले नसेल, तर मीठही भरून काढावे लागते. एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ ही जलसंजीवनीची घरगुती मात्रा आहे; मीठ अंदाजाने वाढवू नये. मद्य टाळावे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना पाणी मोजून घ्यावे लागते, तसेच लघवी वाढवणारी, रक्तदाबाची किंवा मानसिक आजारावरची औषधे जे घेतात, त्यांनी उन्हाळा लागण्याआधीच डॉक्टरांना विचारून ठेवावे. औषध स्वतःच्या मनाने मात्र बंद करू नये.

शरीराला उकाड्याची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. त्या काळात घाम लवकर सुटू लागतो, त्यातले मीठ कमी होते आणि हृदयावरचा ताण घटतो. म्हणून अमेरिकेतील नायॉश ही कामगार-आरोग्य संस्था नव्या कामगाराला पहिल्या दिवशी उन्हातले फक्त २० टक्के काम द्यावे आणि रोज २० टक्क्यांहून अधिक वाढवू नये असे सांगते. घरातल्या माणसांनाही हे लागू पडते : मोसमातल्या पहिल्या उकाड्याच्या आठवड्यात सवय असलेला व्यायामसुद्धा निम्म्यावर आणावा.

धोका ओळखणे आणि पहिल्या दहा मिनिटांत करायचे काम

डोके दुखणे, मळमळ, चक्कर, पायात गोळे येणे, खूप घाम येऊन त्वचा थंड व चिकट लागणे ही उष्णतेने शरीर थकल्याची लक्षणे आहेत. माणसाला सावलीत आडवे करून, पाय किंचित उंच ठेवून, कपडे सैल करून अंग ओले करावे, वारा घालावा आणि घोटघोट पाणी द्यावे. अर्ध्या तासात बरे वाटले नाही, तर डॉक्टरांकडे न्यावे.

बोलणे असंबद्ध होऊ लागले, माणूस गोंधळला, चालताना झोकांड्या जाऊ लागल्या, झटका आला किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजावा. अशा वेळी शरीराच्या आतले तापमान ४० अंशांच्या पुढे गेलेले असू शकते आणि एकेक मिनिट मोलाचे असते. 'अजून घाम येतो आहे, म्हणजे उष्माघात नसेल' असे मानू नये. श्रमाने झालेल्या उष्माघातात घाम येत राहतो. एकाने रुग्णवाहिकेला फोन करावा आणि त्याच क्षणी दुसऱ्याने थंड करायला सुरुवात करावी. मोठा टब असेल तर डोके वर धरून मानेपर्यंत थंड पाण्यात बसवावे. नसेल तर नळीने किंवा बादलीने सतत पाणी ओतत जोराचा वारा घालावा आणि मान, काखा व जांघा येथे कापडात गुंडाळलेला बर्फ ठेवावा. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही, कारण हा संसर्गाचा ताप नव्हे.

लहान मूल किंवा वृद्ध माणूस बंद गाडीत दोन मिनिटांसाठीही ठेवू नये. उन्हातल्या गाडीचे आतले तापमान दहा मिनिटांत सुमारे दहा अंशांनी वाढते. बाळाची गाडी कापडाने पूर्ण झाकू नये, आतली हवा कोंडते. एकटे राहणाऱ्या वृद्धांना उकाड्याच्या दिवसांत सकाळी आणि संध्याकाळी फोन करावा, आणि 'बरे आहात ना?' एवढ्यावर न थांबता शेवटचे पाणी कधी प्यायलात, पंखा चालू आहे का, लघवीला किती वेळा गेलात, असे नेमके विचारावे. उत्तर देताना शब्द अडखळू लागले किंवा तेच तेच बोलणे होऊ लागले, तर जवळच्या कोणाला तरी लगेच त्यांच्या दारी पाठवावे.